योगनिद्रा : सूचनांच्या आधाराने की मौनातून?

योगनिद्रा शिकू पाहणाऱ्यापुढे आज प्रामुख्याने दोन परंपरा येतात. स्वामी सत्यानंद सरस्वतींनी मुंगेरच्या बिहार योग विद्यालयातून रूढ केलेली पद्धत सूचनाप्रधान आहे, तर स्वामी रामांच्या हिमालयीन परंपरेतील पद्धत मोजक्या टप्प्यांची आणि बरीचशी मौनात होणारी आहे. मी दोन्हींचा अभ्यास केला आहे. शवासन दोन्हींत आहे, आणि शरीर विसावत असताना जाणीव जागी ठेवायची हा आग्रहही दोन्हींत आहे.

मुंगेरच्या पद्धतीचे मूळ तांत्रिक न्यासात आहे. न्यासात एकेका अवयवाला स्पर्श करून तेथे मंत्राची स्थापना करतात. येथे स्पर्श आणि मंत्र वगळून उजव्या अंगठ्यापासून केवळ जाणीव शरीरभर फिरवली जाते. या फेरीच्या आधी संकल्प असतो आणि नंतर श्वासांची उलटी मोजणी, जडपणा व हलकेपणा यांसारख्या विरोधी संवेदना आणि भराभर बदलणारी दृश्ये येतात. मनाला भरकटायला उसंतच मिळत नाही, हे तिचे मोठे सामर्थ्य आहे. अस्वस्थ किंवा फार थकलेल्या माणसासाठी यापेक्षा चांगली सुरुवात मला तरी ठाऊक नाही.

मला खटकत राहिला तो ध्वनिमुद्रणातून सूचना देणारा आवाज. श्वास अगदी संथ झाला, विचार विरळ झाले आणि आता काहीतरी उलगडेल असे वाटू लागले, की नेमकी त्याच क्षणी पुढची सूचना येई: वाळवंट पाहा, मुसळधार पाऊस पाहा. ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याची स्थिती जाणत नाही, आणि माझा वेग त्याच्या वेगाशी क्वचितच जुळला. आवाजाचा पाठपुरावा करणारे मन जागे राहते हे खरे, परंतु ते ऐकण्याच्या कामात गुंतलेलेही राहते. समोर अनुभवी गुरू असल्यास ही अडचण कदाचित उरणार नाही.

हिमालयीन परंपरेत शरीरातील 61 बिंदूंवर, भ्रूमध्यापासून म्हणजे दोन भुवयांच्या मधल्या जागेपासून आरंभ करून, क्रमाने लक्ष नेतात. पुढे भ्रूमध्य, कंठ आणि हृदय एवढेच मुक्काम उरतात. ब्रह्मोपनिषदात जागृतीचे स्थान नेत्र, स्वप्नाचे कंठ आणि सुषुप्तीचे म्हणजे गाढ झोपेचे हृदय असे सांगितले आहे, त्यामुळे हा क्रम मनमानी वाटत नाही. 1970 च्या सुमारास अमेरिकेतील टोपेका येथे स्वामी रामांवर प्रयोग झाले. मेंदूच्या लहरी गाढ झोपेच्या असताना जवळ बोललेली बरीच वाक्ये त्यांनी नंतर सांगितल्याची नोंद आहे. एका सिद्धहस्त साधकाच्या अनुभवावरून इतरांबद्दल फारसे अनुमान काढता येणार नाही, हे मान्य आहे. मात्र हठप्रदीपिका या हठयोगावरील ग्रंथाच्या चौथ्या उपदेशात, म्हणजे प्रकरणात, योगनिद्रा समाधीच्या संदर्भात येते, विश्रांतीच्या उपायांत नव्हे. त्या अर्थाच्या जवळ मला ही मौनाची वाट अधिक नेते.

तिची उणीवही स्पष्ट आहे: सुरुवातीला बिंदूंचा क्रम हरवतो आणि झोप सहज लागते. म्हणून ज्यांना आडवे होताच डोळा लागतो, त्यांनी काही काळ सूचनांचा आधार घेणेच बरे. शरीरातील फेरी पाठ झाल्यावर मात्र ध्वनिमुद्रण बंद ठेवून तीच फेरी स्वतःच्या गतीने करून पाहावी, आणि तीही रात्री अंथरुणावर न करता दिवसा, जेवणानंतर पुरेसा वेळ गेल्यावर, जमिनीवर पातळ सतरंजी अंथरून करावी.