नोशनचे चार्ट: सगळ्यांत उंच खांब बिनतारखेचा

मी भाषांतराची कामं घेते. आलेलं प्रत्येक काम नोशन या नोंदी ठेवायच्या ॲपमधल्या डेटाबेसमध्ये एका ओळीत जातं: कधी आलं, कधी दिलं, शब्द किती, प्रकार कोणता. तीन वर्षांत चारशेच्या वर ओळी साठल्या, पण मागे वळून त्या कधी वाचल्या नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये नोशनने चार्ट आणले, तेव्हा सगळं एक्सेलमध्ये नेण्याचा उपद्व्याप वाचेल म्हणून एक चार्ट करून बघितला.

करायला दोन मिनिटं लागतात. डेटाबेसला नवा व्ह्यू (त्याच ओळी दाखवायची वेगळी मांडणी) जोडायचा, चार्ट निवडायचा, कुठल्या अक्षावर काय हवं ते सांगायचं. माझ्या पहिल्या चार्टमध्ये सगळ्यांत उंच खांब कोणत्या महिन्याचा असावा? कोणत्याच नाही. तारीख न घातलेल्या ओळींचा! कामाच्या प्रकाराप्रमाणे चार्ट काढला तर 'तपासणी' आणि 'मुद्रितशोधन' असे दोन खांब शेजारी उभे. काम एकच, त्या दिवशी जे नाव सुचलं ते मी निवडलेलं. टेबलमध्ये हा गोंधळ तीन वर्षं डोळ्यांसमोर होता, पण दिसला नव्हता.

खांबावर क्लिक केलं की त्याच्या आतल्या ओळी उघडतात. मला विचाराल तर खरी कमाई ही. त्या बिनतारखेच्या खांबात शिरून एकेक पान उघडलं, जुने ईमेल शोधत तारखा भरल्या. खांब बुटका होत गेला.

उभ्या अक्षावर आधी नुसती ओळींची संख्या होती. मग शब्दांची बेरीज लावली आणि चित्रच फिरलं. ज्या महिन्यात कामं जास्त, त्यात शब्द कमी! चिल्लर कामांनीच दमले होते तर.

फिल्टरकडे मात्र लक्ष ठेवा. एकदा एकाच प्रकारापुरता फिल्टर लावला आणि विसरले. पुढचे दोन आठवडे कामं आटली म्हणून चिंतेत. चूक माझीच. लाइन चार्टचं शेवटचं टोकही असंच घाबरवतं: चालू महिना अर्धाच झालेला असतो, त्यामुळे रेघ कायम घसरलेली. मी आता चालू महिना वगळूनच बघते.

डोनट चार्ट (मधे भोक असलेलं वर्तुळ) दिसायला गोड, पण पाच-सहा प्रकारांपुढे त्याचे नुसते रंगीत तुकडे होतात. लांब नावं असतील तर आडवे बार घ्या, वाचायला सोपे पडतात.

चार्ट नव्याने आले तेव्हा नोशनच्या मोफत प्लॅनमध्ये एकच चार्ट करता येत होता; जास्त हवे तर पैसे भरा. माझ्यासारखीला तो एकही बरेच दिवस पुरला, कारण अक्ष बदलून तोच वेगवेगळ्या प्रश्नांना वापरता येतो. दोन आकड्यांचा परस्परसंबंध तपासायचा असेल, म्हणजे शब्द वाढले की दिवस किती वाढतात वगैरे, तर मी अजूनही एक्सेलच उघडते. महिन्याचा हिशेब बघायला ते उघडल्याला मात्र बरेच महिने झाले.