१०×५० दुर्बीण: तारे मोजायला ठीक, तारे जोखायला उत्तम

शनीची कडी बघायची म्हणून ही दोन डोळ्यांनी पाहायची दुर्बीण घेणार असाल तर इथेच थांबा. दहापट वर्धनात शनी जेमतेम लांबट ठिपका दिसतो. गुरूचे चार मोठे चंद्र दिसतात, पण ते कोणत्याही बऱ्या दुर्बिणीतून दिसतात, त्यात हिचं कौतुक नाही. माझी शिफारस वेगळ्या गिऱ्हाइकासाठी आहे: ज्याला तारेच बघायचेत, आणि एक तारा ठसठशीत तर शेजारचा मिणमिणता का, हा प्रश्न ज्याला गप्प बसू देत नाही.

मी हिशेबनीस. आकडा जुळेपर्यंत खुर्चीवरून न उठणाऱ्यांपैकी. त्यामुळे ‘आकाशात असंख्य तारे’ हे वाक्य मला कायम खटकत आलंय. नुसत्या डोळ्यांना दिसू शकणाऱ्या ताऱ्यांची यादी आहे आणि ती ९,११० नोंदींवर संपते. त्यातल्याही काही नोंदी पुढे बाद ठरल्या. अर्धं आकाश कायम पायाखाली, क्षितिजाजवळचे तारे हवेच्या जाड थरात मरतात. अमावास्येच्या, दिव्यांपासून लांबच्या रात्री एका वेळी हाती लागतात अडीच-तीन हजार. भर शहरात शे-दीडशे भरले तरी नशीब. झाले असंख्य!

दुर्बीण हा आकडा कशी वाढवते? पेटीवर ‘१०’ मोठ्या अक्षरात छापलंय, पण खरं काम ‘५०’ करतं. पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते, म्हणजे भिंग सुमारे पन्नासपट जास्त प्रकाश गोळा करतं. ताऱ्यांच्या भाषेत ही चार प्रतींची उडी. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप, आणि तिचा हिशेब उलटा चालतो: आकडा लहान तितका तारा तेजस्वी. पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर शंभरपट. हे प्रमाण १८५६ साली खगोलशास्त्रज्ञ पॉगसनने बांधून दिलं. अभिजित शून्य प्रतीचा, व्याध उणे दीडचा, डोळ्यांची हद्द सहाच्या आसपास. प्रत एकाने वाढली की ताऱ्यांची संख्या ढोबळमानाने तिप्पट होते, म्हणून चार प्रती खाली उतरलं की ९ हजारांचे लाखाच्या वर जातात. कृत्तिकेत डोळ्यांना सहा दिसणारे तारे दुर्बिणीत कितीतरी वाढतात, आणि अख्खा पुंजका दृष्टिक्षेत्रात मावूनही बाजूला जागा उरते. हे एक दृश्य कोणालाही विकत घ्यायला लावेल.

विक्रेते ७×५० पुढे करतात, प्रतिमा जास्त उजळ म्हणून. तरुण असाल तर घ्या. ५० ला ७ ने भागलं की नेत्रिकेतून, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगातून, बाहेर पडणारा झोत ७ मिलिमीटरचा येतो. पन्नाशीनंतर बाहुली सहसा तेवढी उघडतच नाही, मग कडेचा प्रकाश बाहुलीबाहेर सांडतो. १०×५० चा झोत ५ मिलिमीटरचा, माझ्या डोळ्यात पूर्ण जातो. शिवाय मागचं आकाश जास्त काळं दिसतं. ही गोष्ट एकाही माहितीपत्रकात सापडली नाही. त्यात पक्षीनिरीक्षणाचेच फोटो.

मात्र लाखभर तारे दिसले म्हणून हुरळून जाऊ नका. आपल्या आकाशगंगेतच १० हजार कोटी ते ४० हजार कोटी तारे असावेत. हा मोजलेला आकडा नाही, वस्तुमान आणि नमुन्यांवरून काढलेला अंदाज आहे. युरोपच्या गाया यानाने खरोखर टिपलेल्यांची २०२२ ची यादी सुमारे १८० कोटींची, म्हणजे फार तर दोन टक्के. बाकीचे कुठे लपलेत? बहुतेक तारे तांबडे बटू आहेत: लहान, थंड, कंजूष. त्यांच्यातला एकही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा, ४.२ प्रकाशवर्षांवर असूनही अकराव्या प्रतीचा; या दुर्बिणीतूनही तो निसटतो. दारातला शेजारी दिसत नाही आणि शेकडो प्रकाशवर्षांवरचा मृगातला राजन्य डोळ्यात भरतो!

हा विरोधाभास दुर्बिणीतून बघायचा तर हंस तारकासमूहाकडे वळा. आधी डेनेब: पहिल्या प्रतीचा, पांढरा, झळझळीत. तो हजार प्रकाशवर्षांच्याही पलीकडे आहे आणि हजारो सूर्यांइतका प्रकाश ओकतो. आता थोडं सरकून ‘६१ हंस’ शोधा. पाचव्या प्रतीचा, सहज नजरेतून सुटेल असा. दुर्बीण तिवईवर घट्ट बसवली तर त्याचे दोन नारिंगी ठिपके वेगळे होतात. खगोलशास्त्रज्ञ बेसेलने १८३८ साली याचं अंतर मोजलं, ताऱ्याचं अंतर मोजल्याची प्रसिद्ध झालेली पहिली विश्वसनीय नोंद हीच. अंतर फक्त ११ प्रकाशवर्षं. दोन्ही तारे मिळून जेमतेम पाव सूर्याचा उजेड. म्हणजे दिसणारं तेज दोन खात्यांची बेरीज-वजाबाकी आहे: ताऱ्याची मूळ मिळकत किती आणि वाटेत अंतराने खाल्लं किती. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई. वाटेतली धूळ आणखी थोडं कापून घेते, ते वेगळं.

आतापर्यंतचं सगळं स्थिर ताऱ्यांचं. पैसे खरे वसूल होतात ते रूपविकारी ताऱ्यांवर, म्हणजे ज्यांचं तेज खरोखर कमी-जास्त होतं त्यांच्यावर. लुकलुकणं यात धरू नका. ती आपल्याच हवेची करामत.

माझा आवडता डेल्टा सेफी. सेफियस तारकासमूहात डेल्टा, झीटा आणि एप्सिलॉन असा छोटा त्रिकोण आहे, पूर्ण त्रिकोण एकाच दृष्टिक्षेत्रात बसतो. झीटा ३.४ प्रतीचा, एप्सिलॉन ४.२ चा, दोघेही आपल्या जागी ठाम. मधला डेल्टा ३.५ ते ४.४ असा हेलकावतो. युक्ती अशी: तीक्ष्ण केंद्रित करायचं, मग चाक किंचित उलट फिरवायचं. तारे बारीक गोल चकत्या होतात आणि दोन चकत्यांच्या उजेडाची तुलना दोन टोकदार ठिपक्यांपेक्षा फार सोपी जाते. मनात झीटा ते एप्सिलॉन अशी पट्टी धरायची आणि डेल्टा तिच्यावर कुठे बसतो ते लिहून ठेवायचं. एका रात्री तो झीटाच्या अंगावर असतो, दोन-तीन रात्रींनी एप्सिलॉनकडे घसरलेला. चढतो भराभर, उतरतो रमतगमत, सगळा फेरा ५.३७ दिवसांचा. हा तारा अक्षरशः फुगतो आणि आकसतो. बाहेरच्या थरांतला हीलियम तापला, आयनित झाला (त्याचे इलेक्ट्रॉन सुटले) की उष्णता अडवून धरतो. थर फुगतात, निवतात, उष्णता सुटते आणि थर पुन्हा खाली येतात. अशा ताऱ्यांचा फेरा जितका लांब तितकं मूळ तेज जास्त, हे खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेव्हिटने १९१२ साली दाखवलं. मूळ मिळकत कळली की अंतर काढणं माझ्यासारख्यालाही जमेल, इतकं ते सरळ गणित.

उत्तर मुकुट तारकासमूहातला आर तारा म्हणजे उलटा प्रकार. एरवी सहाव्या प्रतीचा, दुर्बिणीत अगदी आरामात. पण अधूनमधून, काही पूर्वसूचना न देता, स्वतःच कार्बनची काजळी बाहेर फेकतो आणि तिच्याआड गडप होतो. चौदाव्या प्रतीपर्यंत जातो. मुकुटाच्या वाटीत तो दिसला नाही तर तीसुद्धा नोंद. व्हेरिएबल स्टार, म्हणजे रूपविकारी तारे, बघणाऱ्यांची अमेरिकन संघटना १९११ पासून हौशी लोकांच्या अशा नोंदी गोळा करते, तुलनेच्या ताऱ्यांचे नकाशेही देते.

अल्गोल या रूपविकारी ताऱ्यासाठी मात्र दुर्बीण बाजूला ठेवा. तुलनेचे तेजस्वी तारे लांब लांब आहेत, एका दृष्टिक्षेत्रात येत नाहीत. दर २ दिवस २१ तासांनी त्याचा मंद जोडीदार समोरून जातो आणि अल्गोल २.१ वरून ३.४ प्रतीवर येतो. अठरा वर्षांच्या, बहिऱ्या जॉन गुडरिकने १७८३ साली हे कारण सुचवलं तेव्हा त्याच्याही हाती मुख्यतः डोळेच होते. २०१९-२० मध्ये मृगातला काक्षी मंदावला तेही नुसत्या डोळ्यांनी स्पष्ट दिसत होतं. त्याने वायू फेकला, त्याची धूळ झाली, ती आपल्या दिशेने आडवी आली.

आता तक्रारी. मधल्या दोन-तृतीयांश भागात तारे टाचणीच्या टोकासारखे, त्यापलीकडे स्वल्पविराम. कडेचा तारा जोखू नका, मध्ये आणा. व्याधाभोवती जांभळी किनार येते. उजव्या नेत्रिकेचं डायॉप्टर कडं (त्या एका डोळ्याचा फोकस जुळवणारं) ढिलं आहे, गळ्यातून काढताना फिरतं. मी त्यावर पांढऱ्या रंगाची खूण केली आहे. मला आलेला पहिला नग एका ताऱ्याचे दोन दाखवत होता, लोलक सरकलेले. विक्रेत्याने बदलून दिला, पण आधी ‘डोळे तपासून घ्या’ असा सल्ला दिला, तोही जरा वरच्या पट्टीत.

म्हणून घेतल्याबरोबर एका ताऱ्याकडे रोखा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून लांब न्या: दोन प्रतिमा फाकल्या तर तिथल्या तिथे परत करा. भिंगात दिव्याचं प्रतिबिंब पांढरं फटक दिसलं तर लेप निकृष्ट, हिरवट-जांभळट दिसलं तर बरा. बदलतं वर्धन देणाऱ्या झूम दुर्बिणीच्या वाटेला जाऊच नका. चष्मेवाल्यांनी नेत्रिकेचे रबर दुमडून पाहावेत. दृष्टिक्षेत्राची कड दिसत नसेल तर ती दुर्बीण तुमची नव्हे.

पाचपैकी चार. एक गुण तिवईसाठी कापला. पाऊण किलोहून जड नळी हातात धरून ताऱ्याचं तेज जोखता येत नाही, आणि तिवईला जोडायचा काटकोनी पत्रा पेटीत नाही. तो वेगळा मागवा. आटे बिजागरीच्या पुढच्या टोपीखाली असतात; टोपी घट्ट असते, पकड लावू नका, जाड कापडात धरून फिरवली की निघते.