चेनसॉचा कार्ब्युरेटर: ट्यूनिंग आणि फेरफार करून काही महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. पन्नास सीसीच्या आसपासच्या चेनसॉचा कार्ब्युरेटर नीट जुळवला आणि सायलेन्सर थोडा मोकळा केला, तर मशीन जाड ओंडक्यात दबत नाही, रेस दिली की लगेच उचलतं आणि सकाळी जसं चालतं तसंच संध्याकाळी चालतं. हा फायदा जास्त आरपीएममधून येत नाही. इंजिनाला श्वास घ्यायला वाट आणि त्या श्वासाला पुरेल इतकं पेट्रोल, एवढ्यावरच सगळं आहे. बरेच जण नेमकं उलट करतात. एच स्क्रू (पूर्ण रेसला जाणारं पेट्रोल ठरवणारा) कसत कसत मशीन किंचाळायला लावतात, त्या आवाजाला ताकद समजतात, आणि काही दिवसांतच पिस्टन खरवडलेला निघतो.

या कार्ब्युरेटरला मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरसारखी फ्लोटची वाटी नसते. चेनसॉ आडवा, तिरका, उलटा कसाही धरावा लागतो, त्यात वाटी चालणारच नाही. त्याऐवजी दोन पातळ पडदे असतात. एक पंपाचा: क्रँककेसमधला, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पोकळीतला, दाब कमीजास्त होतो तसा तो फडफडतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो. दुसरा मीटरिंगचा: व्हेंच्युरीतल्या, म्हणजे कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातल्या, हवेच्या ओढीने तो आत खेचला जातो, एक बारीकशी लिव्हर दाबतो, सुई उचलली जाते आणि पेट्रोल आत येतं. कार्ब्युरेटरची कंपनी वॉलब्रो असो, झामा असो की टिलॉटसन, तत्त्व हेच. म्हणून स्क्रूला हात लावण्याआधी मी हे पडदे बदलले. जुना मीटरिंगचा पडदा बोटाने दाबला तर कडक झालेल्या प्लॅस्टिकसारखा कुरकुरत होता. नवा पडदा कापडासारखा मऊ असतो, आवाज करत नाही. कडक पडद्यावर केलेलं ट्यूनिंग टिकत नाही. आज जुळवलं की उद्या बिघडतं, आणि माणूस उगाच स्क्रूला दोष देतो.

पडदा आणि गॅस्केट यांचा क्रम दोन्ही बाजूंना सारखा असेलच असं नाही, म्हणून उघडतानाच फोटो काढून ठेवावा. लिव्हरची उंची मी कार्ब्युरेटर बनवणाऱ्या कंपनीच्या गेजप्रमाणेच ठेवली. जास्त पेट्रोल यावं म्हणून लिव्हर वाकवून वर उचलायचा सल्ला अनेक जण देतात, पण त्याने आयडलिंगला, म्हणजे रेस न देता चालू असताना, मशीन पेट्रोलने ओलं होतं आणि गरम असताना चालू व्हायला त्रास देतं. पेट्रोल वाढवायला एच स्क्रू आहे की!

लिमिटर कॅप काढल्या. स्क्रू ठरावीक टप्प्याबाहेर फिरू नयेत म्हणून बसवलेल्या या प्लॅस्टिकच्या टोप्या उत्सर्जनाच्या नियमांमुळे आलेल्या आहेत. त्या काढल्या की वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं, आणि अमेरिकेत तर उत्सर्जन नियंत्रणाशी छेडछाड करायला कायद्यानेच मनाई आहे. आपल्याकडचा नियम पाहूनच हात घालावा. स्क्रूची डोकीही साध्या पेचकसाची नसतात. कुठे बारीक दात्यांची, कुठे डी आकाराची, त्याला जुळणारा पेचकस घ्यावा लागतो. पक्कडीने ओढाताण केली तर मऊ धातूतले आटे जातात आणि मग आख्खा कार्ब्युरेटर बदलावा लागतो.

आता मुख्य काम. ते सुरू करण्याआधी एअर फिल्टर स्वच्छ, पेट्रोल ताजं, चेन धारदार, आणि बार (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी) व चेन मशीनवर चढवलेली, एवढं हवंच. घाणेरड्या फिल्टरवर ट्यून केलेलं मशीन फिल्टर धुतल्याबरोबर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. एच आणि एल (कमी वेगाचं पेट्रोल ठरवणारा) हे दोन्ही स्क्रू अलगद टेकेपर्यंत आत घ्यायचे, रेटायचं नाही, आणि मग मॅन्युअलमध्ये दिलेत तेवढे आटे (पूर्ण फेरे) बाहेर. बहुतेक मशीनवर हा आकडा एका आट्याच्या आसपास असतो. आत फिरवलं की पेट्रोल कमी, बाहेर फिरवलं की जास्त. मशीन पूर्ण गरम झालं की आधी एल. तो सावकाश फिरवत आयडलिंगचा वेग सगळ्यात जास्त कुठे होतो ते शोधायचं आणि तिथून थोडा बाहेर घ्यायचा. रेस दिल्यावर मशीन क्षणभर अडखळत असेल तर एल अजून बाहेर हवा. थोडा वेळ आयडल राहिल्यावर धूर सोडत, गुदमरत उचलत असेल तर जास्त बाहेर गेलाय. मशीनचं नाक खाली करून, मग वर करून पाहावं. आयडलिंग त्याने बदलत असेल तर क्रँककेसमध्ये पेट्रोल साचतंय. मग एलए, म्हणजे आयडलिंगचा वेग ठरवणाऱ्या, स्क्रूने आयडलिंग अशी लावायची की चेन अजिबात फिरणार नाही. साधारण २५०० ते ३००० आरपीएम. यात तडजोड नको, हातात धरलेल्या मशीनची चेन आपोआप सरकता कामा नये.

एच स्क्रू मात्र कानाने लावावा लागतो, आणि हीच या सगळ्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट. पूर्ण रेसवर, हवेत, रिच मशीन स्वच्छ सूर धरत नाही. बर्र-बर्र असा तुटक, जाडसर आवाज येतो. पेट्रोल जास्त असल्यामुळे प्रत्येक फेऱ्याला जळण नीट होत नाही, एक सोडून एक फेऱ्याला होतं, म्हणून टू-स्ट्रोक इंजिन फोर-स्ट्रोकसारखं वाजतं. आता तेच मशीन ओंडक्यावर टेकवा आणि दात लाकडात जाऊ द्या. भार पडताच आवाज साफ होतो, एकसंध होतो. बार किंचित उचलला की बर्र-बर्र परत. पुन्हा टेकवला की साफ. हा जाता-येता बदल जिथे ऐकू येतो तिथे एच बरोबर लागला. कापतानाही बर्र-बर्र राहत असेल तर थोडा आत. हवेतसुद्धा सूर साफ असेल तर लगेच बाहेर, कारण ते लीन आहे. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं. पेट्रोल कमी केलं की उष्णता वाढते आणि त्याच वेळी वंगणही कमी होतं. इंजिन सगळ्यात वेगाने फिरतं ते पिस्टन सिलिंडरला चिकटायच्या जरा आधी.

इथे एक सापळा आहे, त्याबद्दल फार कमी लोक बोलतात. काही मशीनच्या इग्निशन कॉइलमध्ये वेगमर्यादा बसवलेली असते. ठरलेल्या आरपीएमला कॉइल ठिणगी तोडते आणि तो आवाज हुबेहूब रिच मशीनसारखा येतो. ऐकणारा म्हणतो, अजून बर्र-बर्र आहे, अजून आत घेऊ. प्रत्यक्षात मशीन आधीच लीन झालेलं असतं. म्हणून मी नेहमी उघड उघड रिच असलेल्या बाजूने सुरुवात करतो आणि जोडीला आरपीएम मोजणारा टॅकोमीटर ठेवतो. स्पार्क प्लगच्या वायरजवळ धरायचा साधा टॅकोमीटर पुरतो, फक्त टू-स्ट्रोकसाठी एका फेऱ्याला एक ठिणगी असं सेटिंग हवं. मॅन्युअलमधला कमाल आकडा ही लक्ष्मणरेषा, मी त्याच्या बराच खाली थांबतो. एच लावून झाला की आयडलिंग पुन्हा तपासायची.

सायलेन्सरबद्दल. मूळ भोक फारच बारीक होतं. ते रुंद केलं, पण सिलिंडरच्या एक्झॉस्ट पोर्टपेक्षा लहानच ठेवलं, आणि ठिणग्या अडवणारी जाळी परत बसवली. कोरड्या रानात जाळीशिवाय मशीन चालवणं म्हणजे आगीला आमंत्रण. वाट मोकळी झाल्यावर इंजिन जास्त हवा ओढतं, त्यामुळे जुन्या सेटिंगवर ते लीन होतं. सायलेन्सर उघडून एच तसाच ठेवणं हा पिस्टन घालवायचा सगळ्यात जवळचा रस्ता. माझ्या मशीनला एच सुमारे पाव आटा बाहेर घ्यावा लागला. कमाल आरपीएम जवळपास तेवढाच राहिला. फरक पडला तो भाराखाली. आधी बार पूर्ण गाडला की मशीन बसायचं, आता ढलप्या उडवत राहतं.

तोटेही आहेत. पेट्रोल जास्त लागतं, हे रोज जाणवतं. आवाज चांगलाच वाढला, कानावर मफ नसेल तर मी मशीनला हात लावत नाही. गरम धूर आता जोरात बाहेर येतो, त्यामुळे त्याची दिशा हात आणि प्लॅस्टिकच्या कव्हरपासून लांब ठेवावी लागते. सायलेन्सरचे बोल्ट सैल होतात का ते वरचेवर पाहावं लागतं. लिमिटर कॅप नसल्यामुळे थरथरीने स्क्रू हलत नाहीत ना, हेही तपासतो.

व्हेंच्युरी घासून मोठी करणं किंवा जेट (पेट्रोल येण्याचं बारीक भोक) ड्रिल करणं मी केलं नाही आणि कुणाला सुचवणारही नाही. व्हेंच्युरी रुंद झाली की कमी वेगाला हवेची ओढ कमी पडते, पिकअप जातो, आणि घासलेला धातू परत येत नाही. एअर फिल्टरची बारीक जाळी काढून सैल जाळी लावण्याचंही तेच. जी थोडी हवा वाढते तिच्याबरोबर भुशाची पूड आत जाते आणि सिलिंडर घासते.

एकदा लावलं की विसरलं, असं हे काम नाही, आणि याची तयारी हवी. थंड हवा दाट असते, म्हणून कडक उन्हात लावलेलं मशीन थंडीच्या सकाळी लीन होतं. उंचीवर उलटा प्रकार. दर हजार मीटरला हवा साधारण दहा टक्के विरळ होते, तिथे मशीन रिच होतं. रिच झालेलं मशीन फक्त सुस्त चालतं, पण उंचावर जुळवून खाली आणलेलं मशीन धोक्यात असतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ऑक्सिजन असतो, ते मशीनला लीनकडे नेतं. ऑइलचं प्रमाण बदललं तरी जुळवणी बदलते: ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, ४०:१ म्हणजे २५ मिली. जास्त ऑइल घातलं तर जेटमधून तेवढं पेट्रोल कमी जातं, म्हणजे ऑइल वाढवून मशीन लीन होतं! मी एकाच प्रमाणाला आणि एकाच ऑइलला चिकटून राहिलो आहे, त्यामुळे सेटिंग फारसं हलत नाही.

रेस सोडल्यावर वेग सावकाश उतरत असेल, किंवा आयडलिंग कधी वर कधी खाली जात असेल, तर स्क्रू अजिबात फिरवू नये. कुठून तरी हवा गळते आहे. इनटेकचा रबरी बूट, क्रँकचे सील, इम्पल्स लाइन (क्रँककेसचा दाब पंपाच्या पडद्यापर्यंत नेणारी वाट) हे आधी पाहावं. गळती स्क्रूने झाकली तर काही काळ मशीन छान चालतं आणि मग एकदम चिकटतं.

अलीकडे सायलेन्सर उतरवून पोर्टमधून पिस्टन पाहिला. एक्झॉस्टच्या बाजूचा पिस्टन लीनमध्ये सगळ्यात आधी खरवडतो. माझ्या पिस्टनवर कारखान्यातल्या मशीनिंगच्या बारीक आडव्या रेषा अजून दिसतात, एकही उभा ओरखडा नाही. प्लगच्या रंगावरून अंदाज बांधण्यापेक्षा माझा भरवसा या तपासणीवर जास्त आहे, दोन बोल्ट काढायचं तर काम.

नवीन मशीन घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. हुस्कवर्नाचं ऑटोट्यून किंवा श्टीलचं एम-ट्रॉनिक असलेल्या मशीनवर एच आणि एल स्क्रूच नसतात, मिश्रण इलेक्ट्रॉनिक पद्धतीने ठरतं. तिथे वरचं स्क्रूचं काम लागू नाही. पण फिल्टरची स्वच्छता, गळतीची तपासणी आणि ताजं पेट्रोल तिथेही लागतंच. आणि ज्यांच्या चेनचे दात बोथट आहेत किंवा रेकर (दातापुढचे, कापाची खोली ठरवणारे उंचवटे) उंच राहिलेत, त्यांनी आधी फाइल हातात घ्यावी. ढलप्यांऐवजी बारीक भुसा पडतोय तोवर कार्ब्युरेटर उघडायचं कारण नाही.