नायट्रेटचा आकडा खरा होता, तरी आम्ही फसलो

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर एप्रिलमध्ये एकाच माणसाने चार घरांना फसवलं. त्यातलं एक घर आमचं. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण चौथ्या घरात तान्हं मूल आहे, म्हणून हे आकड्यांसकट लिहिते आहे.

तो सकाळी दहाच्या सुमारास आला. हातात पिवळी पेटी, गळ्यात ओळखपत्र. "काकी, पंचायतीतून सांगितलंय, वाड्यावरच्या सगळ्या विहिरींचं पाणी तपासायचं आहे. पैसे नाहीत." पंचायतीने असं काहीच सांगितलं नव्हतं, पण ते आम्ही नंतर विचारलं. आमची विहीर परसात, पोफळींच्या कडेला, चिऱ्यांनी बांधलेली, सासऱ्यांच्या वेळची. नळाला ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी येतं, तरी पिण्याला आणि स्वयंपाकाला विहिरीचंच, अशी घरातली जुनी रीत.

पेटीतून त्याने हाताच्या पंजाएवढं यंत्र काढलं. त्याला कलरीमीटर म्हणतात. काचेच्या छोट्या कुपीत विहिरीचं पाणी घेतलं, कुपी कपड्याने पुसली, यंत्रात ठेवून आकडा शून्यावर आणला. मग पुडी फोडून भुकटी टाकली, मोबाइलवर वेळ लावून मिनिटभर कुपी जोरजोरात हलवली आणि पाच मिनिटं थांबला. पाणी हळूहळू फिक्या कोऱ्या चहासारखं झालं. त्या भुकटीतलं कॅडमियम पाण्यातल्या नायट्रेटचं, म्हणजे खत-शेणातून पाण्यात उतरणाऱ्या क्षाराचं, नायट्राइट करतं आणि बाकीच्या द्रव्यांमुळे त्याला रंग चढतो. रंग जितका गडद, तितकं नायट्रेट जास्त. यंत्र त्या रंगातून प्रकाश सोडून तो मोजतं. इथपर्यंत त्याने सगळं अगदी रीतसर केलं, हे मुद्दाम सांगते, कारण आमचा विश्वास बसला तो इथेच.

पडद्यावर ५.० आलं. मी त्याच्या खांद्याशीच उभी होते, मला स्पष्ट दिसलं. त्याने एक बटण दाबलं आणि ५.० चे २२.१ झाले. मी विचारलं, "हे बदललं कसं?" तर म्हणाला, "आधी आकडा स्थिर झाला नव्हता, काकी." मग खिशातून प्लास्टिकचं कार्ड काढून पुढे धरलं. त्यावर लाल अक्षरांत होतं, 'नायट्रेट : कमाल मर्यादा १०'.

माझी सून तेव्हा सातव्या महिन्यात होती आणि सोप्यावरच बसली होती. तिच्याकडे बघत तो म्हणाला, "मर्यादेच्या दुपटीहून जास्त आहे. असल्या पाण्याने बाळ निळं पडतं, आणि उकळून काही उपयोग नाही." हे खोटं असतं तर बरं झालं असतं. विहिरीच्या पाण्यातल्या नायट्रेटमुळे तान्ही बाळं निळी पडतात हे १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवात कॉमली नावाच्या डॉक्टरांनी मांडलं होतं. सहा महिन्यांच्या आतल्या, पाण्यात कालवलेल्या वरच्या दुधावर असलेल्या बाळांना हा धोका सगळ्यांत जास्त. आणि उकळल्याने नायट्रेट जात नाहीच, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. त्याची भीती खरी होती, म्हणूनच ती आमच्या घरात शिरली.

मग त्याने गाडीतून नमुन्याचं फिल्टर आणलं, त्यातून विहिरीचं पाणी काढलं आणि पुन्हा कुपी भरली. भुकटी टाकली, एकदा उलटीसुलटी केली आणि लगेच यंत्रात ठेवली. आकडा आला ०.४. "बघा, काकी!" त्याच दिवशी आमच्या ह्यांनी त्याच्या 'आरओ' मशीनसाठी, म्हणजे पाण्यातले क्षार काढणाऱ्या फिल्टरसाठी, मोबाइलवरून २०,००० रुपये दिले, मशीन बसवल्यावर रोख ६,५००. पावती म्हणून मिळाला तो अंदाजपत्रकाचा कागद. त्यावर जीएसटी क्रमांक नाही, पत्ता नाही. जाताना त्याने दोन्ही कुप्यांतलं पाणी विहिरीच्या कठड्याला लागूनच ओतलं. त्यात कॅडमियम हा विषारी धातू असतो आणि ते जमिनीत ओतायचं नसतं, हे तेव्हा ठाऊक असतं तर त्याचा हात धरला असता.

मे महिन्यात माझी भाची सुट्टीला आली. ती उच्च माध्यमिकला रसायनशास्त्र शिकवते. मी तिला कौतुकाने मशीन दाखवलं, कागद दाखवला. तिने कागदावरचा २२.१ पाहिला आणि पहिलाच प्रश्न केला, "मावशी, २२ कशाचे? नायट्रेटचे, की नायट्रेटमधल्या नायट्रोजनचे?"

सगळी चलाखी त्या एका बटणात होती. तीच मात्रा दोन तऱ्हांनी लिहितात. नायट्रोजन म्हणून लिहिली तर ५.०, पूर्ण नायट्रेट म्हणून लिहिली तर तिला ४.४३ ने गुणायचं, म्हणजे २२ च्या आसपास. अमेरिकेतली १० ची मर्यादा नायट्रोजनची आहे. आपल्याकडे भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि ती नायट्रेटची. त्याने आमचा आकडा एका मापात वाचला आणि मर्यादा दुसऱ्या मापातली दाखवली. ५ ची तुलना १० शी करा किंवा २२ ची ४५ शी, दोन्हीकडे आमची विहीर मर्यादेच्या निम्म्यावर येते.

फिल्टरच्या पाण्याचा आकडा का उतरला तेही तिने सांगितलं. मिनिटभर हलवलं नाही, पाच मिनिटं थांबला नाही, तर रंग उमटणारच नाही. शिवाय त्या वेळी त्याने बटण दाबलं नाही, आकडा नायट्रोजनच्याच मापात ठेवला.

मग ती मशीनकडे वळली. "वाया जाणाऱ्या पाण्याची नळी कुठे आहे हिची?" नळी नव्हती. 'एक थेंबही वाया जात नाही' हे तर तो मोठ्या अभिमानाने सांगत होता. आरओ म्हटलं की पाण्याचा काही भाग क्षार घेऊन बाहेर टाकला जातोच. तिने झाकण उघडलं. आत गाळ अडवणारी कांडी, कोळशाचा डबा आणि यूव्हीचा दिवा. क्षार अडवणारा पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, नव्हताच. कोळसा आणि यूव्ही दोन्ही नायट्रेट काढत नाहीत.

आम्ही चारही घरांचं पाणी पणजीतल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत दिलं. जंतूंच्या तपासणीसाठी त्यांनी निर्जंतुक बाटल्या दिल्या, त्या बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवल्या. आमचं नायट्रेट २१ आलं. पण १०० मिलिलिटरमध्ये एकही नसावेत असे कोलिफॉर्म जंतू निघाले, आणि त्यांच्याबद्दल त्या माणसाने अवाक्षर काढलं नव्हतं. चिऱ्याचा दगड सच्छिद्र, आणि आमचा शोषखड्डा विहिरीपासून फार लांब नाही. आता विहीर उपसून क्लोरीन टाकलंय, पाणी उकळून पितो, खड्डा हलवायचं काम पावसाआधी उरकायचं आहे.

किनाऱ्याकडच्या लोकांसाठी भाचीने एक गोष्ट सांगितली आहे. विहिरीत खारं पाणी शिरत असेल, क्लोराइड लिटरला १०० मिलिग्रॅमच्या वर असेल, तर या पद्धतीने नायट्रेट आहे त्याहून कमी दिसतं. तिथे घरच्या यंत्रावर कमी आकडा आला म्हणून कोणी निश्चिंत होऊ नये.

त्या माणसाचा फोन बंद आहे. पोलिसांत अर्ज दिला, ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. तिथेही आधी बिलच विचारतात, आणि आमच्यापाशी तो अंदाजपत्रकाचा कागद.

चौथ्या घराचा अहवाल सगळ्यांत शेवटी हातात आला. त्यांची विहीर गोठ्याला आणि शेणखताच्या खड्ड्याला लागून आहे. नायट्रेट ५८. मशीनमधून आलेल्या पाण्यातही ५७. तिथली सून महिनाभर त्याच पाण्यात चार महिन्यांच्या लेकराचं दूध कालवत होती, मशीन लावलंय म्हणून निर्धास्त. डॉक्टरांनी बाळाला तपासलं, ते ठीक आहे. आता तिचा नवरा रोज सकाळी आमच्या नळावर दोन कॅन भरून नेतो.