जुन्या वस्तूंवर पाच शूट: आठ महिन्यांत काय टिकलं, काय फसलं

नोव्हेंबरात एका साडीवाल्या गिऱ्हाइकाच्या फोटोशूटसाठी 1940 च्या सुमाराचं कोल्हापूर उभं करायचं ठरलं. मी सरळ जुन्या वस्तूंच्या एका दुकानात गेले आणि एका दुपारी पंचवीस हजार उडवून आले. आजवर पाच शूट झाली. त्या दुपारच्या खरेदीतल्या दोनच वस्तू अजून फ्रेममध्ये येतात. बाकी सगळं लोकांच्या माळ्यावरून मागून आणलेल्या सामानावर चाललंय, आणि तेच बरं दिसतंय.

सगळ्यात महाग पडला फोनो, म्हणजे ग्रामोफोन. साडेचौदा हजार. अष्टकोनी पेटी, पितळेचा लखलखीत कर्णा, समोर कुत्र्याचं चित्र असलेली पट्टी. पहिल्या शूटला बिनतक्रार चालला, कारण कुणी जवळून बघितलंच नाही. दुसऱ्या वेळी लाइट धरणाऱ्या पोरानं तो उलटा केला. खालचे सगळे स्क्रू फुलीचे, म्हणजे अलीकडचे! "ताई, हे तर आमच्या उद्यमनगरातले वाटतात." उद्यमनगर म्हणजे इथली कारखान्यांची वस्ती. लाकडाला पॉलिशचा ताजा वास. असले नवे-जुने भाग जोडून केलेले फोनो देशभर खपतात, मला ते कळायला दोन शूट लागली.

पण खरी चूक माझीच. तो अस्सल असता तरी त्या फ्रेममध्ये खोटाच दिसला असता. चाळीसच्या दशकातल्या घरात फोनो असलाच, तर बहुधा सुटकेससारखी बंद होणारी, कर्णा आतच असलेली पेटी असायची. एचएमव्हीचं 102 नंबरचं तसलं मॉडेल 1931 पासून 1958 पर्यंत निघत होतं. शुक्रवार पेठेतल्या एका आजोबांकडे ते मिळालं, तेही चालू. चावी भरायची, दर बाजूला सुई बदलायची, की दहा इंची तबकडी तीनेक मिनिटं वाजते. तबकड्या लाखेच्या, हातातून सुटली की तुकडे. मॉडेलला चावी भरताना खरोखर जोर लावावा लागला, आणि तो ताणलेला खांदा फोटोत दिसतो. आजोबांनी भाडं घेतलं नाही. शूटचा एक फोटो फ्रेम करून मागितला.

पितळेचं घंगाळ आणि तांब्याचा बंब त्या दुकानातलेच, पण बफिंग करून आरशासारखे केलेले. घंगाळात माझा सॉफ्टबॉक्स (शूटचा मोठा दिवा), फोटोग्राफर आणि वडापावची पिशवी अशी तिन्ही दिसत होती. शेवटी चिंच-मीठ न लावता नुसतं पाण्यानं धुऊन महिनाभर गॅलरीत ठेवलं. आता काळपट पडलंय आणि कामाचं झालंय. टिकलेल्या दोन वस्तू म्हणजे हेच.

शिवणयंत्र पापाची तिकटीजवळच्या एका टेलरमामांचं. सिंगरचं पाय-मशीन, सोनेरी वेलबुट्टी बोटांखाली झिजून अर्धी गेलेली. सिंगरच्या मशीनवर नंबर कोरलेला असतो आणि त्यावरून साल काढता येतं. आमचं दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं निघालं. मामांची अट एकच: "मशीन माझ्या आईचं. ते जाईल तिथं मी येणार." दिवसाचे पाचशे, वर चहा-नाश्ता. पहिल्याच दिवशी मशीनच्या तेलाचा थेंब इरकल साडीच्या काठावर पडला. मी घामाघूम. मामांनी खिशातून शिंप्याचा खडू काढला, डागावर चोळला, अर्धा तास ठेवला, झटकला. पुसट राहिला, पण गिऱ्हाइकाला दिसला नाही. तेव्हापासून शूटच्या आदल्या दिवशी मशीन पुसून खाली जुनं धोतर अंथरतो.

पाटीची गोष्ट सांगायलाच हवी. रस्त्याच्या दृश्यासाठी सायकलच्या दुकानाची पाटी हवी होती. पेंटरकाकांनी सुंदर अक्षरात लिहिलं, "सायकली भाड्याने मिळतील". एका निवृत्त बाईंनी बघताक्षणी म्हटलं, "अगं, अनुस्वार कुठाय?" बरोबर! ते न उच्चारलेले अनुस्वार 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी गेले, त्याआधी "भाड्यानें" असंच लिहायचे. काकांनी एक टिंब दिलं आणि पाटी वीस वर्षांनी म्हातारी झाली. त्याच बाईंनी टेबलावरच्या चिल्लरमधला नया पैसाही उचलून बाजूला ठेवला. तो 1957 च्या आधी नव्हताच.

पडदे मात्र कोल्हापुरात शोधावे लागले नाहीत. बाबूराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळले, ते याच गावात. प्रभात फिल्म कंपनी 1929 साली इथंच सुरू झाली आणि 1933 ला पुण्याला गेली. एका घरात रंगवलेला बागेचा पडदा गुंडाळून ठेवलेला मिळाला, कडा उंदरांनी खाल्लेल्या. आम्ही मधला भाग वापरला. दागिन्यांचं फार सांगत नाही. कोल्हापुरी साज गुजरीतून, म्हणजे इथल्या सराफ बाजारातून, इमिटेशनचा घेतला, कॅमेऱ्याला फरक कळत नाही.

पावसानं मात्र दमवलं. जूनमध्ये चामड्याच्या ट्रंकेवर पांढरी बुरशी आली. उन्हात ठेवली तर चामडं तडकलं. आता कपाटात कापूर आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, आठवड्याला एकदा झाकण उघडायचं. कुंभार गल्लीतल्या एका मावशींकडे मी जुन्या फोटोंची पेटी मागायला गेले होते. म्हणाल्या, "पेटी आहे की, फोटो 2019 च्या पुरात गेले." ती रिकामी पेटी आणली. आत पाण्याची रेघ अजून आहे, ती तशीच ठेवलीय.

खर्चाचं बोलायचं तर पहिल्या शूटला पंचवीस हजार, पाचव्याला टेम्पो धरून साडेचार. तो साडेचौदा हजाराचा फोनो दुकानदार निम्म्यालाही परत घेईना. सध्या आमच्या सोप्यात आहे. मामा कधी चहाला आले की कर्ण्याकडे बघून हसतात आणि विचारतात, "वाजतोय का?"