पाठ दुखावलेल्या सशाची घरगुती शुश्रूषा : ‘क्रिटिकल केअर’ भुकटीचा व इतर साहित्याचा अनुभव

आमचा चिकू हा चार वर्षांचा तपकिरी ससा. गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस त्याची नखे कापून घेण्यासाठी आम्ही त्याला ठाण्यातील एका ग्रूमिंगच्या दुकानात नेले होते. तेथील मुलाचा हात कुत्र्यांवर बसलेला असावा, कारण त्याने चिकूला उताणे धरले, चिकूने घाबरून मागचे दोन्ही पाय एकदम झाडले आणि संध्याकाळी घरी परतल्यावर ते पाय तो फरशीवरून ओढत चालत असल्याचे माझ्या मुलीच्या लक्षात आले. पुढचे सहा आठवडे आम्ही त्याची शुश्रूषा घरीच केली. त्या काळात जे साहित्य विकत घेतले, त्यातील काय उपयोगी पडले आणि काय पडून राहिले, ते येथे लिहीत आहे. मुख्य परीक्षण ऑक्सबो कंपनीच्या ‘क्रिटिकल केअर’ या, खाणे थांबलेल्या सशाला पाण्यात कालवून भरवायच्या भुकटीचे आहे. बाकीच्या वस्तू तिच्या अनुषंगाने येतील.

सशाच्या हाडांचा सांगाडा फार हलका असतो. मांजराचा सांगाडा त्याच्या वजनाच्या साधारण १२ ते १३ टक्के भरतो, तर सशाचा जेमतेम ७ ते ८ टक्के. त्या मानाने मागच्या पायांचे स्नायू अतिशय बळकट असतात, त्यामुळे कंबरेला आधार न देता ससा उचलला आणि त्याने हिसडा दिला, तर त्याच्याच ताकदीने त्याचा कणा दुखावतो. कमरेच्या सात मणक्यांपैकी शेवटचे, माकडहाडाच्या वरचे मणके यात सर्वांत जास्त सापडतात. चिकूच्या बाबतीत सुदैवाने एक्स-रेमध्ये हाड मोडलेले दिसले नाही आणि पायाच्या बोटाला जोरात चिमटा घेतल्यावर तो मान वळवून पाहत होता. म्हणजे खोल वेदनेची जाणीव शाबूत होती. हे आम्हाला दुसऱ्या दवाखान्यात कळले. पहिल्या दवाखान्यात, जेथे प्रामुख्याने कुत्री-मांजरे येतात, एक्स-रे न काढताच त्याला कायमचे झोपवण्याचा सल्ला मिळाला होता. ससे, कासवे, पक्षी पाहणारे डॉक्टर मुंबई-ठाण्यातही मोजकेच आहेत, म्हणून ससा धडधाकट असतानाच असा डॉक्टर शोधून ठेवावा.

दुसऱ्या डॉक्टरांनी वेदनाशामक औषध लिहून दिले, सहा आठवडे पूर्ण विश्रांती सांगितली आणि वर म्हणाले, “ताई, पाठ तिच्या वेळेने बरी होईल. तुम्ही त्याचे पोट आणि कातडी सांभाळा.” त्या वेळी मला हे उत्तर टाळाटाळीचे वाटले होते. चार दिवसांत त्याचा अर्थ कळला. दुखणाऱ्या सशाचे खाणे थांबते, खाणे थांबले की आतड्यांची हालचाल मंदावते, त्यात वायू धरतो, त्यामुळे आणखी दुखते आणि ससा आणखी खात नाही. बारा तास पोटात काही गेले नाही तरी सशाच्या बाबतीत ती तातडीची वेळ समजतात. मणक्याच्या दुखण्यातून वाचू शकला असता असा ससा या फेऱ्यात जाऊ शकतो.

‘क्रिटिकल केअर’ ही भुकटी नेमकी या फेऱ्यासाठी आहे. ती टिमोथी गवतापासून बनते आणि तिच्यात तंतू (फायबर) भरपूर असतात. सेरेलॅक किंवा गाजराचा रस यांसारखे काहीतरी भरवण्याचा मोह घरात होतोच, पण त्यांत पिष्ट आणि साखर जास्त व तंतू नाममात्र, त्यामुळे सशाच्या आतड्याला त्याचा उपयोग कमी आणि त्रास अधिक होतो. एक भाग भुकटी आणि दोन भाग कोमट पाणी हे पिशवीवरचे प्रमाण. किलोमागे दिवसाला सपाट तीन मोठे चमचे, म्हणजे सुमारे २४ ग्रॅम कोरडी भुकटी, हे पूर्ण आहाराचे माप धरले, तर १.८२ किलोच्या चिकूला रोज सुमारे ४४ ग्रॅम लागत होती. याचा अर्थ असा की १४१ ग्रॅमची छोटी पिशवी तीन दिवसांत संपते. हे गणित आम्ही आधी केले नाही, एकच पिशवी मागवली आणि तिसऱ्या रात्री तळाशी चमचा खरवडत बसलो. आयात माल असल्याने ती स्वस्त नाही. मोठी पिशवी ग्रॅममागे परवडते, पण आमच्या दमट हवेत उघडलेली मोठी पिशवी टिकवण्यापेक्षा दोन-तीन छोट्या घेणे मला योग्य वाटले.

भरवण्याचे तंत्र जमायला दोन दिवस गेले. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या दहा मिलीलिटरच्या सिरिंजने सुरुवात केली, पण गवताचे तंतू तिच्या तोंडाशी अडकतात, मग दाब वाढवला की एकदम मोठा घोट आत जातो आणि ससा ठसकतो. हा भुकटीचा खरा दोष आहे. पाणी घातल्यावर ती पाच मिनिटे फुगू द्यायची, पुन्हा थोडे पाणी घालून ढवळायची, आणि सिरिंजचे टोक कापून, कडा घासून गुळगुळीत करून घ्यायची, असा मार्ग आम्ही काढला. पुढे वाकड्या व रुंद तोंडाची भरवण्याची सिरिंज मिळाली आणि काम निम्मे झाले. टोक समोरून न घालता पुढच्या दातांच्या मागे जी मोकळी जागा असते तेथे, बाजूने घालावे लागते, आणि एका वेळी अर्धा ते एक मिलीलिटर देऊन त्याने चावून गिळेपर्यंत थांबावे लागते. दिवसातून सहा वेळा, दर वेळी पंधरा ते वीस मिलीलिटर. पहाटेची पाळी सासूबाईंनी आपणहून घेतली. त्या सांगत, “लहान बाळाला गुटी चाटवतात तसे करायचे, घाई केली की थुंकतो.”

चवीबद्दल सांगायचे तर बडीशेपेसारख्या वासाचा प्रकार चिकूने निमूट खाल्ला. सफरचंद-केळ्याचा प्रकार त्याने तोंडाबाहेर ढकलला, हनुवटीखालची केसाळ वळी चिकट करून घेतली आणि ती पुसताना माझ्या हाताला चावाही घेतला. दुसऱ्या सशाला कदाचित उलटे आवडेल. भिजवलेले मिश्रण फ्रीजमध्ये ठेवून कोमट करून देता येते, मात्र आम्ही ते एका दिवसापलीकडे ठेवले नाही.

परिणाम मोजण्यासाठी सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे स्वयंपाकघरातला पाच किलोपर्यंतचा डिजिटल काटा. त्यावर उथळ टोपली ठेवून रोज सकाळी त्याच वेळी वजन घेत होतो. पाचव्या दिवशी ते १.६९ किलोवर उतरले, आठव्या दिवशी तेथेच थांबले आणि तिसऱ्या आठवड्यात १.७८ झाले. लेंड्या मी अक्षरशः मोजत असे. चौथ्या दिवशी मिरीएवढ्या, वेड्यावाकड्या अशा अकराच पडल्या होत्या आणि त्या दिवशी डॉक्टरांना फोन करावा लागला. पुढच्या आठवड्यात त्या वाटाण्याएवढ्या गोल झाल्या, तेव्हा घरात पेढे आणायचेच काय ते राहिले होते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी : आतड्यात खरोखर अडथळा असेल, पोट फुगून घट्ट झाले असेल, तर जबरदस्तीने भरवणे धोक्याचे ठरते. म्हणून ही भुकटी डॉक्टरांनी पोट तपासल्यानंतरच सुरू करावी.

ऑनलाइन मागवलेली दुसरी पिशवी सांगितलेल्या दिवशी आली नाही, आणि प्राण्यांच्या एका दुकानात जी मिळाली तिची मुदत संपून गेली होती. त्या दीड दिवसात त्याच्या रोजच्या पेलेट्स, म्हणजे सशाच्या तयार खाद्याच्या गोळ्या, कोमट पाण्यात भिजवून, चाळणीतून काढून भरवल्या. सोय म्हणून ठीक, पण त्यात तंतू कमी पडतात. गवताचा प्रश्न तुलनेने सोपा होता. तो टिमोथी चघळू लागण्याआधी कोवळ्या दूर्वांना तोंड लावू लागला. त्या फुलबाजारातून आणून, धुऊन, तोंडासमोर एकेक काडी धरावी लागे. हिरवी लसूणघास सहज मिळते, तिचा वासही सशाला फार आवडतो, पण तिच्यात कॅल्शियम जास्त. ससा अन्नातले जादा कॅल्शियम लघवीवाटे बाहेर टाकतो आणि मूत्राशय नीट रिकामे होत नसेल तर ते गाळासारखे तळाशी साचते. चिकूला पहिले नऊ दिवस लघवी पूर्ण करता येत नव्हती. डॉक्टरांनी पोटाखालून हलका दाब देऊन ती कशी काढायची हे आम्हाला हात धरून शिकवले. हे व्हिडिओ पाहून करण्याचे काम नव्हे, चुकीच्या दाबाने इजा होते.

आता कातडीची बाजू. येथे आम्ही सर्वाधिक पैसे वाया घालवले. कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळतात ते शोषक पॅड प्रथम आणले. चिकूने तासाभरात कोपरा कुरतडून आतला कापूस व प्लास्टिक बाहेर काढले. पोट आधीच मंद असलेल्या सशाने प्लास्टिक गिळणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. नंतर सासूबाईंची जुनी, मऊ सुती गोधडी घातली. ती दिसायला प्रेमळ, पण सुती कापड ओलावा धरून ठेवते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्याच्या मांड्यांच्या आतली कातडी लाल झाली, शिवाय टाक्यांचे दोरे त्याच्या दातात येऊ लागले. शेवटी तान्ह्या बाळांसाठी वापरतात ती रबरी पाठीची ड्राय शीट खाली, तिच्यावर शोषून घेणारा टॉवेल आणि सर्वांत वर फ्लीसचे (लोकरीसारखे मऊ, कृत्रिम धाग्याचे) कापड, अशी रचना जमली. फ्लीसमधून ओल खाली जाते आणि वरचा पृष्ठभाग कोरडा राहतो. चार तुकडे कापून घेतले होते, ते आळीपाळीने धूत असू. कपड्यांना सुगंध देणारे द्रव त्या काळात पूर्ण बंद ठेवले. माझ्या मते या सगळ्या खरेदीत पैशाला सर्वांत जास्त जागणारी वस्तू म्हणजे तो दोन मीटर फ्लीस.

मागची बाजू खराब झाली तरी सशाला आंघोळ घालू नये. तो घाबरून पुन्हा पाय झाडतो आणि भिजलेल्या दाट केसांत अंग गार पडते. आम्ही फक्त तेवढाच भाग कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसून पूर्ण कोरडा करत असू व वर थोडे कॉर्नफ्लोअर लावत असू. टाल्कम पावडरची भुकटी श्वासात जाते म्हणून ती टाळली. सशाच्या मऊ लेंड्या, ज्या तो एरवी पहाटे वाकून थेट तोंडाने घेतो, पाठ वाकत नसल्याने तशाच शेपटीखाली चिकटून राहत. त्याही वेळच्या वेळी काढून, ताज्या असतील तर त्याच्या तोंडापाशी धराव्या लागत, कारण त्यांतील जीवनसत्त्वे व जिवाणू त्याच्या पचनाला लागतात. पाहुण्यांसमोर हे काम करताना बरेच स्पष्टीकरण द्यावे लागले. ऑक्टोबरच्या उकाड्यात ओल्या केसांवर माशा बसून अंडी घालण्याची भीती मोठी होती, त्यावर बाळाची घडीची मच्छरदाणी हा इतका सोपा इलाज निघाला की तो आधी का सुचला नाही याचे वाईट वाटले. पिंजरा काढून जमिनीवरच तीन फूट बाय दोन फुटांचे कुंपण केले होते आणि त्यावर ती अलगद बसली. कडेने टॉवेलची चुंबळ करून ठेवली की त्याला कुशीवर कलंडताना टेकू मिळे. पाण्याची नळीची बाटली काढून जड, उथळ वाडगे ठेवले.

दोन चाकांची गाडी मागवण्याची चूक मी पहिल्याच आठवड्यात केली. विक्रेत्याने दिलेली मापे लहान कुत्र्याची होती, आणि डॉक्टरांनी ती पाहून डोळे मोठे केले : विश्रांतीच्या काळात सशाला कमरेला पट्टे बांधून पळवायचे नसते. ती न वापरता परत केली. तिसऱ्या आठवड्यापासून पाय हळूहळू दुमडण्या-सरळ करण्याचा पाच मिनिटांचा व्यायाम त्यांनी शिकवला, त्याला फक्त रबरी योगा मॅट लागली. गुळगुळीत फरशीवर मात्र त्याला अजूनही एक पाऊल टाकू देत नाही.

औषधांविषयी एवढेच की वेदनाशामकाचे प्रमाण सशासाठी वेगळे असते, कुत्र्याच्या मापावरून काढलेला डोस त्याला बहुधा अपुरा पडतो आणि माणसांच्या गोळ्या स्वतःच्या मनाने देणे तर पूर्णपणे वर्ज्य. आमच्या पहिल्या दवाखान्यातून मिळालेल्या चिठ्ठीवर तोंडावाटे द्यायचे अमॉक्सिसिलिन होते. सशाच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू त्याने मरतात व ते जीवघेणे ठरू शकते, हे दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितले तेव्हा ते औषध पिशवीतून बाहेर काढलेले नव्हते, एवढेच आमचे नशीब.

भुकटीला मी पाचपैकी साडेचार गुण देईन. अर्धा गुण सिरिंजमध्ये अडकण्याबद्दल कापला आहे. एकूण तीन पिशव्या लागल्या : पहिले पाच दिवस पूर्ण माप, मग तो स्वतः गवत खाऊ लागल्यावर आठ दिवस निम्मे. चिकू आता चालतो. उजवा मागचा पाय किंचित बाहेर पडतो, सोफ्यावर उडी मारण्याचा विचार तो दोनदा करतो आणि सोडून देतो, आणि त्याच्या शीच्या ट्रेची एक बाजू आम्ही कापून सखल केली आहे. नखे आता घरीच, टॉवेलात गुंडाळून, एक हात छातीखाली आणि एक हात कमरेखाली ठेवून कापतो. चौथी पिशवी न उघडता कपाटात ठेवली आहे आणि तिची मुदत संपण्याचा महिना मुलीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवला आहे.