एल ब्रुहो: मातीची रंगीत भिंत बघायला जाताना

पेरूला जाणारी आपली बहुतेक मंडळी लिमा, कुस्को आणि माचू पिच्चू उरकून परततात. उत्तरेचा किनारा राहून जातो. जे ट्रुहियो शहरापर्यंत पोचतात त्यांना टूरवाले चान चान या जुन्या मातीच्या शहराच्या अवशेषांकडे नेतात. चान चान बघावंच, पण हातात एकच मोकळा दिवस असेल तर तो एल ब्रुहोला द्यावा. कोलंबसाच्या आधीचं मातीचं बांधकाम, तेही समुद्राला लागून, लोकांसाठी उघडायचं तर काय काय सांभाळावं लागतं, हे इथे समोर दिसतं.

ट्रुहियोच्या उत्तरेला साधारण 60 किलोमीटरवर, चिकामा नदीच्या खोऱ्यात, माग्दालेना दे काओ या गावाच्या पुढे हे ठिकाण आहे. समुद्रालगतच्या उंचवट्यावर तीन मुख्य टेकाडं आहेत: वाका प्रिएता, वाका काओ व्हिएहो आणि वाका कोर्तादा. वाका म्हणजे तिथली पूजेची किंवा दफनाची जुनी जागा. पुरातत्त्वज्ञ रेगुलो फ्रांको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये विएसे फाउंडेशनच्या पैशावर इथे काम सुरू केलं. पर्यटकांना प्रवेश मिळाला तो 2006 मध्ये आणि संग्रहालय उभं राहिलं 2009 मध्ये. मधली सोळा वर्षं वाया गेलेली नाहीत, हे काओ व्हिएहोच्या उत्तरेकडच्या दर्शनी भिंतीसमोर उभं राहिल्यावर पटतं.

ही भिंत मोचे लोकांची, म्हणजे इंकांच्या कितीतरी शतकं आधीची. उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा, त्यावर मातीचा गिलावा, गिलाव्यात कोरलेला उठाव आणि त्यावर लाल, पिवळा, पांढरा, काळा असे खनिज रंग. खालच्या पट्ट्यात विजयी योद्धे आणि त्यांनी पकडून आणलेले नागडे कैदी आहेत. एकाच दोराने गळे बांधून त्यांना रांगेत चालवलं आहे. वरच्या पट्ट्यात हातात हात धरून समोर तोंड केलेली माणसं आहेत. जरा थांबून खालच्या रांगेतला दोर नजरेने धरावा आणि एका गळ्यापासून दुसऱ्या गळ्यापर्यंत जावं. रंग कुठे शाबूत आहे, कुठे नुसती माती उरली आहे आणि कुठे अख्खा तुकडा गळून पडला आहे, ते आपोआप कळत जातं.

हा रंग टिकला कसा? मोचे लोक जुनं मंदिर पाडत नसत. ते विटांनी भरून बुजवत आणि त्यावर नवं चढवत. काओ व्हिएहोवर असे सात थर सापडले. आतली भिंत भरावाच्या पोटात अंधारात आणि एकसारख्या ओलाव्यात राहिली. उत्खननात भराव काढला की हा तोल मोडतो. कोकणातल्या घरांना लोणा लागतो तसंच इथे होतं. समुद्राकडून येणारं धुकं भिंतीत मुरतं, दुपारी भिंत सुकते आणि विरघळलेलं मीठ पृष्ठभागाकडे येऊन स्फटिक धरतं. हे स्फटिक रंगाच्या मागे वाढले की रंगाचा पापुद्रा पुढे ढकलला जातो. वर दुपारचा वारा बारीक वाळू घेऊन येतो आणि सैल झालेलं सगळं घासून नेतो.

त्यावर उपाय म्हणून पृष्ठभाग घट्ट करणारी रसायनं असतात. पेरूतल्या मातीच्या उठावांवर इथाइल सिलिकेट वापरलं गेलं आहे. पण ते पुरेसं खोल मुरलं नाही, तर वर कडक साल आणि आत भुसभुशीत माती अशी जोडी तयार होते. मग साल पत्र्यासारखी सुटून येते आणि पहिल्यापेक्षा जास्त नुकसान होतं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी मऊ ब्रशने धूळ काढायची, मग नोंद आणि रेखाटन, मग बारीकशा कोपऱ्यावर चाचणी आणि त्यानंतरच पुढे. सगळ्यात उपयोगी ठरतं ते छप्पर. काओ व्हिएहोवर ताणलेल्या कापडी पटलाचं मोठं छप्पर आहे. दक्षिण गोलार्धात सूर्य बहुतेक काळ उत्तरेकडून येतो, त्यामुळे ऊन नेमकं या दर्शनी भिंतीवरच पडलं असतं. छपरामुळे ऊनही अडतं आणि अवचित येणारा पाऊसही. फोटोत ते छप्पर कुरूप दिसतं अशी कुरकुर करणाऱ्यांनी त्याखालच्या रंगाकडे नीट बघावं.

जाण्याचं सांगायचं तर, ट्रुहियोहून आधी बसने चोकोपे, तिथून शेअर गाडीने माग्दालेना दे काओ आणि गावातून मोटोटॅक्सीने शेवटचे काही किलोमीटर. मोटोटॅक्सीचं भाडं जाऊन-येऊन ठरवा आणि थांबायला सांगा, कारण परतीला तिथे वाहन सहज मिळत नाही. सोल, म्हणजे पेरूचं चलन, सुट्टे ठेवा. या मार्गाने अर्धा दिवस प्रवासातच जातो, त्यामुळे सकाळी लवकर निघणं भाग आहे. चौघं असाल तर ट्रुहियोहून अख्खी टॅक्सी किंवा गाइडसह टूर परवडते. गाइड हवाच. नुसतं फिरून आलं तर मातीचे ढीग बघितल्यासारखं वाटेल.

आधी काओ व्हिएहो, मग संग्रहालय, हा क्रम ठेवा. सकाळी वारा कमी असतो, दुपारी डोळ्यांत वाळू जाते. आखलेल्या वाटेवरूनच चाला. कडेच्या विटेवर टेकू नका, पाय ठेवू नका, कारण कच्ची वीट माणसाच्या वजनाने कोपऱ्यातून फुटते. फ्लॅश बंद ठेवा. टोपी, गॉगल, पाणी आणि खायला काहीतरी बरोबर असू द्या. टेकाडांमध्ये झाडाची सावली नाही.

संग्रहालयाचं मोल सेन्योरा दे काओमुळे आहे. काओ व्हिएहोच्या वरच्या भागात या स्त्रीची कबर सापडली आणि 2006 मध्ये ती बातमी जगभर गेली. इसवी सन 400 च्या आसपासची, विशी-पंचविशीतली ही बाई. हातांवर साप आणि कोळी गोंदलेले. अंगावर हिंगुळाची लाल पूड आणि त्यावर सुती कापडाचे थरावर थर. सोबत सोन्या-तांब्याचे दागिने, युद्धातल्या दोन गदा आणि भाले फेकायच्या 23 दांड्या. मोचे समाजात सत्ता पुरुषांकडेच होती, हा समज या कबरीने मोडला. तिचा देह काचेआड, नियंत्रित हवेत ठेवला आहे आणि तो थेट दिसत नाही, आरशातून दिसतो. ज्यांना जवळून बघायचं असतं ते नाराज होतात. पण मृत माणसाला प्रदर्शनाची वस्तू न करता लोकांसमोर ठेवण्याची ही रीत आम्हाला फार योग्य वाटते. तिथे फोटो काढायचा नाही, आवाज खाली ठेवायचा. 2017 मध्ये कवटीच्या त्रिमितीय स्कॅनवरून घडवलेला तिचा चेहराही बघून घ्या.

वाका प्रिएताकडे बहुतेक टूर पाठ फिरवतात. रंग नाही, शिल्प नाही, नुसतं राखेने काळवंडलेलं टेकाड. तरी तिथवर चालत जाच. पुरातत्त्वज्ञ जुनियस बर्ड यांनी 1946-47 मध्ये ते खणलं, पुढे टॉम डिलेहे यांच्या पथकाने. इथला माणसाचा वावर सुमारे 14,000 वर्षांपर्यंत मागे जातो. इथल्या सुती कापडाच्या तुकड्यांवर सुमारे 6,000 वर्षांपूर्वीची नीळ मिळाली, हे 2016 मध्ये प्रसिद्ध झालं. निळीने रंगवलेलं इतकं जुनं कापड त्याआधी कुठेच मिळालं नव्हतं. कापूस आणि नीळ या दोन्ही पिकांचा इतिहास आपल्याकडे मोठा आहे, म्हणून मराठी वाचकाला हे टेकाड जास्त जवळचं वाटायला हवं.

वाका कोर्तादा लांबूनच बघायची. तिच्या मधोमध पडलेली खोल खाच लुटारूंची आहे. सोन्याच्या शोधात त्यांनी टेकाड उभं चिरलं. एल ब्रुहोला रखवालदार, कुंपण आणि तिकीट का लागतं, हे त्या खाचेकडे बघून कळतं.

डिसेंबर ते एप्रिल ऊन असतं, बाकी महिन्यांत हंबोल्ट या थंड सागरी प्रवाहामुळे आभाळ करडं आणि हवा गार. फोटोंसाठी पहिला काळ बरा, चालायला दुसरा. एल निन्योच्या वर्षी मात्र पहिल्या काळाचा भरवसा धरू नका. 2017 च्या मार्चमध्ये या किनाऱ्यावर पुराने पूल आणि रस्ते वाहून गेले. अशा वर्षी जानेवारी ते मार्चचं तिकीट काढण्याआधी ट्रुहियोच्या बातम्या बघा आणि चोकोपेकडचा रस्ता सुरू आहे ना, हे हॉटेलला फोन करून विचारा.